स्पटरचं प्रात्यक्षिक

दिशाने विचारलं, "पप्पा, स्पटर म्हणजे काय?" तेव्हा मी सरळ "मला माहीत नाही" असं म्हणालो असतो, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण माझ्या हातात चहाचा कप होता, ऑफिसातून नुकताच आलो होतो, आणि आमच्या घरात इंग्रजी येणारा माणूस मीच, अशी एक समजूत होती. (ती मीच पसरवली होती. दुसरं कोण पसरवणार?) मी कप खाली ठेवला, घसा साफ केला आणि म्हणालो, "स्पटर ना? सोपं आहे. पण तू का विचारतेस?"

उलट प्रश्न विचारून वेळ काढायचा, ही ग्रामपंचायतीत बावीस वर्षं क्लार्की केल्यावर लागलेली सवय. माणूस दाखला मागायला आला की आम्ही आधी विचारतो, "कशाला पाहिजे?" तोवर दाखला कुठल्या कपाटात असतो ते आठवतं.

दिशा सांगू लागली. ती सहावीत आहे. बेलापूरच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावातल्याच शाळेत तिला इंग्रजी शिकवायला हुमेरा मॅडम आहेत. या मॅडमनी शनिवारी 'शब्दमेळावा' ठरवला होता. ज्यांना भाग घ्यायचा त्यांनी एक चिठ्ठी उचलायची, चिठ्ठीत जो इंग्रजी शब्द निघेल त्याचा अर्थ आणि उपयोग सगळ्या पालकांसमोर पाच मिनिटं उभं राहून सांगायचा. दिशाच्या चिठ्ठीत स्पटर निघाला होता.

"म्हणजे तू नाव दिलंस?" मी विचारलं.

"हो."

"स्वतःहून?"

"हो," असं म्हणून ती पेन्सिलीला टोक करायला लागली.

सव्वीस जानेवारीला हीच दिशा याच शाळेच्या ओट्यावर भाषणाला उभी राहिली होती. पहिली दोन वाक्यं खणखणीत झाली आणि तिसऱ्याला गाडी अडकली. तोंड उघडं, शब्द आत. अर्धा मिनिट असं गेलं. मग मागून कुणीतरी पोरगं ओरडलं, "किक मार, किक मार!" आणि सगळं मैदान हसलं. तेव्हापासून दहा महिने या मुलीने वर्गात हात वर केला नव्हता. उत्तर येत असतानाही नाही. मॅडमनी मला दोनदा बोलावून सांगितलं होतं.

"या खेपेला नाही ना जमलं पप्पा," टोक फुंकत ती म्हणाली, "तर मी परत कधीच बोलणार नाही." उद्या गणिताचा तास नाही, असं सांगावं तितक्या साध्या आवाजात ती हे बोलली.

मग मी मोबाईल काढला आणि चष्मा शोधायच्या निमित्ताने आतल्या खोलीत जाऊन शब्दाचा अर्थ पाहिला. बाहेर येऊन जाहीर केलं, "स्पटर म्हणजे मृदू स्फोटक आवाजांची मालिका."

स्वयंपाकघरातून निकिताने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं, "म्हंजे फटाकड्यांची लड का?"

"अगं, फटाके कुठले? इंजिन बंद पडायच्या आधी आवाज करतं ना, तो. दिवा विझताना करतो तो. तेल तापल्यावर होतो तो. आणि माणूस घाबरून बोलायला लागला की तोही."

निकिता पोळी लाटता लाटता थांबली. "एवढ्या समद्याला एकच शब्द?"

"एकच."

"मंग त्या लोकांना कळतं कसं, काय बिघडलंय ते?"

याचं उत्तर मोबाईलमध्ये नव्हतं. ती दारात आली. हाताला पीठ, कपाळावर पीठ. "अहो, तेल तडतडतं. दिव्यात पान्याचा थेंब गेला तर वात चरचरती, आन तेल संपलं असलं तर फडफडती. नळाला पानी यायच्या आधी नळ खाकरतो, मंग फुसफुसतो. रॉकेलचा स्टो भकभकायचा. इंजनात कचरा आला तर ते आचके देतं, आन हवा धरली तर उसासे टाकतं. दोन्हीचा आवाज येगळा. मानूस ततपप करतो, पर ते खोटं बोलताना येगळं आन भेल्यावर येगळं." एवढं बोलून ती तव्याकडे वळली, कारण पोळी करपत होती. तेही तिने मान न वळवता ओळखलं होतं.

सोनईला माझ्या सासऱ्यांची पिठाची गिरणी होती, डिझेल इंजिनावर चालणारी. एवढं मला ठाऊक होतं. पण ही बाई लहानपणी त्या गिरणीत धान्याच्या पोत्यावर बसून गृहपाठ करायची, आणि पुस्तकातून डोकं वर न काढता बापाला सांगायची, "दादा, पट्टा सैल झालाय," हे मला लग्नाच्या चौदाव्या वर्षी कळलं. चौदा वर्षं मी हिला "गॅस संपत आलाय का गं?" असं विचारतोय आणि ती सिलिंडरला हात न लावता उत्तर देतेय. शेगडीचा आवाज ऐकून सांगते, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. मला वाटायचं, अंदाज असेल. एका घरात इतकी मोठी विद्या नांदत होती आणि मी तिला भाजीत मीठ कमी आहे एवढंच ऐकवत आलो होतो.

दिशाने मात्र सगळं वहीत उतरवून घेतलं होतं. आईला तिने तीनदा पुन्हा म्हणायला लावलं, आणि प्रत्येक आवाज तोंडाने काढून बघितला. खरं म्हणजे इथेच माझं काम संपलं होतं. पण बाप म्हणून माझ्या मनात एक विचार आला. (माझ्या मनात विचार आला की निकिता देवापुढे दिवा लावते.) मुलगी बोलताना अडकते. मग तिला बोलायलाच कमी लागलं तर? तिच्या वाटचं गाडीनेच बोललं तर?

"प्रात्यक्षिक!" मी मांडीवर थाप मारली. "दिशा, तू फक्त उभं राहायचं. मी मोटारसायकल आणतो, ती आचके देईल, तू तिच्याकडे बोट दाखवायचं आणि म्हणायचं, धिस इज स्पटर. संपलं!"

"पण पप्पा, मला..."

"बापावर सोड," मी म्हणालो.

आता माझ्या मोटारसायकलविषयी सांगायला हवं. गाडी वीस वर्षांची आहे. गेली तीन वर्षं ती इतके आचके देत होती की मी वेशीपाशी आलो की निकिता घरात चहाचं आधण ठेवायची. प्रात्यक्षिकाला याहून चांगली गाडी अख्ख्या नगर जिल्ह्यात मिळाली नसती. अडचण एवढीच की मागच्याच रविवारी बेलापूरच्या चांदभाईंनी ती दुरुस्त केली होती. तीन वर्षं मी टाळाटाळ केली आणि नेमकी गरज लागली तेव्हा गाडी ठणठणीत. माझं नशीब कामाला फार तत्पर आहे, फक्त ते आठवडाभर आधी येतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिशाला मागे बसवून मी चांदभाईंच्या गॅरेजवर गेलो. चांदभाई म्हणजे साठीचा माणूस, पांढरी दाढी, आणि दाढीला एका बाजूने ऑइलचा हात लागलेला. मला पाहताच त्यांचा चेहरा पडला.

"काय आदिनाथभाऊ, गाडी बिघडली का परत?"

"नाही हो. एकदम मस्त चालतेय."

"मंग?"

"तेच सांगायला आलोय. ती जरा बिघडवून पाहिजे."

चांदभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. "काय पाह्यजे?"

"आधी द्यायची ना तसे आचके द्यायला पाहिजेत. शनिवारपुरते. सोमवारी परत नीट करा."

"आदिनाथभाऊ," ते फार हळू बोलले, "चाळीस वर्सं झाली मला या धंद्यात. लोकं बिघडल्याली गाडी घिऊन येत्यात, मी नीट करून देतो. कवा कवा न्हाई जमत, त्ये बी कबूल. पर नीट गाडी घ्यायची आन बिघडवून द्यायची, हे पाप माज्या हातून नाय व्हायचं. उद्या डॉक्टरकडं जाऊन म्हनाल, ताप द्या म्हनून!"

मग दिशाने त्यांना शब्दमेळाव्याचं सांगितलं. हळू बोलली, एकदा अडकलीसुद्धा, पण चांदभाई घाई न करता ऐकत राहिले. सगळं ऐकून झाल्यावर त्यांची कळी खुलली. "आस्सं हाय व्हय! इंग्रजीत याला शब्द हाय?" ते उठले, गाडी चालू केली, एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्याचं टोक इंजिनाला लावलं आणि मूठ स्वतःच्या कानाला. डोळे मिटले. मशिदीत असावेत तसे ते स्तब्ध उभे राहिले. मग स्क्रू-ड्रायव्हर दिशाच्या कानाला लावला. "ऐक पोरी. हे टिकटिक करतंय ना, ते वाल, तुमचा तो व्हॉल्व्ह. मागून घुमल्यावानी येतंय, ती चेन. आन तुझ्या पप्पाला यातलं काय बी ऐकू येत न्हाई, त्यो फकस्त हॉर्न ऐकतो."

दिशा दहा मिनिटं ऐकत बसली. मग तिने विचारलं, "चांदचाचा, आचके द्यायला लागलं म्हणजे इंजिन खराब झालं का?"

"छे छे. आचके देतंय म्हंजे जिवंत हाय, चालायला बघतंय. खराब झाल्यालं इंजन आवाजच करीत न्हाई."

हे वाक्यही तिने वहीत लिहिलं. मी काहीच लिहिलं नाही, माझा स्मरणशक्तीवर विश्वास आहे.

शेवटी चांदभाईंनी पापावाचूनचा मार्ग सांगितला. गाडी चालू ठेवून पेट्रोलचा कॉक बंद करायचा. आत उरलेल्या पेट्रोलवर इंजिन थोडा वेळ चालतं, ते संपत आलं की छान आचके देतं आणि बंद पडतं. कॉक उघडला की पुन्हा ठणठणीत. मी घरी येऊन मोबाईलवर वेळ लावून तीन वेळा प्रयोग केला. तिन्ही वेळा बरोबर चार मिनिटं वीस सेकंदांनी गाडी आचके द्यायला लागली. फट्... फटफट्... फट्... भुस्स. मला स्वतःच्या बुद्धीचं फार कौतुक वाटलं. निकिता म्हणाली, "अहो, पोरगी दोन दिस झाले आरशापुढं बोलतीय. तिला काय पाह्यजे ते एकदा इचारा तरी." मी म्हणालो, "शनिवारी बघ." तिने देवापुढे दिवा लावला.

शनिवारी शाळेचं मैदान भरून गेलं होतं. मंडप, खुर्च्या, तीनशे-साडेतीनशे माणूस. दिशाचा चौथा नंबर. मी गाडी ओट्याच्या मागे उभी केली होती. माझा हिशेब चोख होता : तिसऱ्या मुलाने बोलायला सुरुवात करून दोन मिनिटं झाली की गाडी चालू करून कॉक बंद. मुलाची पाच मिनिटं होतात न होतात तोच गाडी पुढे न्यायची, दिशाचं नाव पुकारायचं, आणि आचके सुरू.

तिसरा मुलगा उभा राहिला. दोन मिनिटं मोजून मी गाडी चालू केली आणि कॉक बंद केला. मुलगा घाईघाईने बोलला आणि तीन मिनिटांत संपवून मोकळा झाला, तरी मी घाबरलो नाही. पण इतक्यात फाटकातून शाळा समितीचे अध्यक्ष आबासाहेब आले. उशिराच आले, पण अध्यक्षच ते. आता आमच्याकडे पाहुणा केव्हाही येवो, त्याचा सत्कार झाल्याशिवाय गाडा पुढे हलत नाही. अंत्ययात्रेत जमत नाही म्हणून, नाहीतर तिथेही शाल निघेल. मुख्याध्यापकांनी शब्दमेळावा थांबवला. शाल आली, नारळ आला, फोटोवाला सापडेना म्हणून शाल काढून पुन्हा घातली, आणि मग आबासाहेबांना दोन शब्द बोलायची विनंती झाली.

"मी आपला जास्त वेळ घेणार नाही," आबासाहेबांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली.

मागून माझी गाडी म्हणाली, "फट्."

लोक हसले. आबासाहेबांनी मागे वळून पाहिलं. "आपली ही शाळा..." "फटफट्... फट्." "या शाळेने मला..." "भुस्स्स." गाडीने असा काही शेवटचा आचका दिला की मैदानात टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या आपल्यालाच आहेत असं समजून आबासाहेबांनी हात जोडले आणि ते खाली बसले. त्यांचं भाषण एका मिनिटात संपल्याचं गावाने प्रथमच पाहिलं. नंतर चारदोन जणांनी मला बाजूला घेऊन विचारलं की ही गाडी ग्रामसभेला आणता येईल का.

पण प्रात्यक्षिक वाया गेलं होतं, आणि मुख्याध्यापकांनी पुकारलं, "आता येत आहे, कुमारी दिशा."

मी गाडी ढकलत ओट्यापुढे आणली. दिशा माईकपाशी उभी होती, हातात वही, दोन वेण्या. मी कॉक उघडला, किक मारली. गाडी सुरू झाली ती अशी की नवी गाडी लाजावी. पहिल्या रांगेत चांदभाई मान डोलवत होते. मी घाईघाईने कॉक फिरवला. आता चार मिनिटं वीस सेकंद कशी काढायची?

"पप्पा," दिशा वाकून हळूच म्हणाली, "राहू द्या ना. मी बोलते."

"थांब बाळा, होतंय आत्ता," मी म्हणालो आणि ओट्यावर चढून तिच्यापुढचा माईक ओढून घेतला. मी माझ्याच मुलीचा माईक ओढून घेतला, हे मी इथे कबूल करतो.

मला वाटलं होतं, चार मिनिटं बोलायला काय लागतं? रोज सकाळी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून गावाला सूचना देणारा आवाज माझाच असतो. सात हजार लोक तो ऐकतात. पण ग्रामपंचायतीत मी खोलीचं दार लावून, भिंतीकडे तोंड करून बोलतो. त्या भिंतीला डोळे नाहीत. इथे मी मान वर केली आणि समोर सातशे डोळे. सगळे माझ्याकडे.

"तर... त... स्प... म्हणजे जे... जे काही... प... प..."

डोक्यात स्पटर नव्हता, इंग्रजी नव्हतं, मराठीही नव्हतं. आणि मग बावीस वर्षांची सवय माझ्या मदतीला धावून आली. तोंड आपोआप सुरू झालं, अगदी खणखणीत :

"सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की, मुख्य जलवाहिनीच्या दुरुस्तीच्या कामामुळे उद्या व परवा गावाचा पाणीपुरवठा पूर्णपणे बंद राहील. तरी सर्वांनी आजच पाणी भरून ठेवावे व ग्रामपंचायतीस सहकार्य करावे."

मग तिसऱ्या रांगेतून भागूबाई उठल्या. "आगं बया! माझा हौद रिकामा हाय!" त्या पदर खोचून फाटकाकडे निघाल्या. त्यांच्यामागे त्यांची सून, सुनेमागे आळी, आळीमागे गाव. आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं. त्यामुळे पाण्याची सूचना आणि आगीची बोंब यांत लोक फरक करत नाहीत. खुर्च्या पडल्या. कुणी पोरांना हाका मारतंय, कुणी फोनवर ओरडतंय, "मोटर चालू कर, मोटर!" खुद्द आबासाहेब शाल सावरत गाडीकडे पळत होते. मी माईकमध्ये "अहो... न... नाही... ते..." करत राहिलो, पण खणखणीत सूचनेनंतरची ततपप कोण ऐकतं?

मी दिशाकडे बघायला धजावत नव्हतो. दहा महिन्यांनी ही पोर बोलायला उभी राहिली होती, आणि तिच्या बापाने तिच्यासमोरचं मैदान रिकामं केलं होतं. मागे उरलेल्या पोरांपैकी एक जण ओरडला, "किक मारा, काका, किक मारा!" बरोबर होतं त्याचं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तेवढ्यात माझ्या हातातून माईक कुणीतरी काढून घेतला.

"थांबा!" भोंगा कडाडला. "पाणी येणार आहे!"

फाटकात भागूबाई थबकल्या. दिशा दोन्ही हातांनी माईक धरून उभी होती. "हे माझे पप्पा आहेत. ते ग्रामपंचायतीत आहेत, पण ही सूचना खरी नाही. ते घाबरले, म्हणून तोंडात येईल ते बोलले."

"नक्की का गं पोरी?" भागूबाई तिथूनच ओरडल्या.

"नक्की, आजी. उद्या सकाळी सात वाजता तुमच्या आळीचं पाणी आहे. या, बसा."

आणि काय सांगू, लोक परत आले! मी बावीस वर्षं सूचना देतोय. माझ्या सूचनेवर लोक पळतात हे खरं, पण एका हाकेवर इतकी माणसं परत येताना मी पहिल्यांदा पाहिली. खुर्च्या उचलून सगळे बसले. आबासाहेबही बसले. मी ओट्याच्या कडेला, गाडीपाशी, निकिताच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. तिने माझं कोपर घट्ट धरलं. (माझी काळजी वाटून नव्हे. मी पुन्हा वर जाऊ नये म्हणून.)

"मला आलेला शब्द आहे स्पटर," दिशा म्हणाली. "आत्ता पप्पांनी जे केलं, ते स्पटर. माय फादर स्पटर्ड इन्टू द मायक्रोफोन."

मैदान असं हसलं की कबुतरं उडाली. हुमेरा मॅडमनी तोंडाला ओढणी लावली. मीही हसलो, दुसरं काय करणार?

मग तिने वही बंद केली आणि सुरू केलं. तेल कसं तडतडतं, ते तोंडाने करून दाखवलं. पाण्याचा थेंब गेलेली वात, तेल संपलेली वात. दोन्ही वेगवेगळ्या! दिवाळीला पणत्या लावणाऱ्या बायका माना हलवू लागल्या. पाणी येण्याआधीचा नळ तिने असा काही खाकरला की भागूबाई म्हणाल्या, "आगदी आमचाच नळ!" आणि टाळ्या पडल्या. "इंग्रजीत या सगळ्यांना स्पटर म्हणतात," दिशा म्हणाली, "पण माझी मम्मी म्हणते, आपल्याकडे प्रत्येकाला..."

आणि ती अडकली.

तोंड उघडं, शब्द आत. तेच. सव्वीस जानेवारीचंच. निकिताची बोटं माझ्या कोपरात रुतली. मागे पोरं खुसखुसायला लागली. मला वाटलं धावत वर जावं, काहीतरी करावं. पण मी काय करतो ते गावाने नुकतंच पाहिलं होतं.

दिशा थांबून राहिली. घाबरली नाही, घाई केली नाही. तिने एक श्वास घेतला, लोकांकडे पाहिलं आणि बोट स्वतःकडे केलं.

"हे सुद्धा," ती म्हणाली. "हे सुद्धा स्पटर. इंजिन आचके देतं, तेव्हा ते जिवंत असतं आणि चालायला बघत असतं. चांदचाचांनी सांगितलंय. मी पण चालायला बघतेय. जरा थांबा."

कुणी हसलं नाही. कुणी किक मार म्हणालं नाही. साडेतीनशे माणूस एका अकरा वर्षांच्या मुलीसाठी गप्प बसून थांबलं. मग तिचं वाक्य सुटलं, "...वेगळा शब्द आहे, कारण आपण नीट ऐकतो," आणि पुढची दोन मिनिटं ती अशी बोलली की मला ते शब्द आठवत नाहीत. मला फक्त तिचा चेहरा आठवतो. हे आपलं लेकरू? याला मी बोलण्यापासून वाचवायला निघालो होतो? माझे डोळे भरून आले. निकिता तर उघड रडत होती, आणि चांदभाई दाढी पुसत होते.

टाळ्या थांबल्यावर एकच आवाज उरला. माझी गाडी. ती अजून चालूच होती, एका लयीत, गोड. गडबडीत मी कॉक बंद करण्याऐवजी रिझर्व्हला फिरवला होता. चांदभाई उठून जोरात म्हणाले, "बगा, वीस मिन्टं झाली! एक आचका न्हाई!" त्या दिवशी दुसऱ्या नंबरच्या टाळ्या त्यांना मिळाल्या.

सोमवारी दिशा शाळेतून एक कागद घेऊन आली. हुमेरा मॅडमनी सगळ्या मुलांचं उपक्रम नोंदपत्रक भरलं होतं, आणि त्यावर पालकांची सही हवी होती. विद्यार्थिनीचं नाव, शब्द, श्रेणी उत्कृष्ट. मी छाती फुगवून वाचत गेलो. पुढचा रकाना होता 'वापरलेले शैक्षणिक साहित्य'. तिथे मोटारसायकल लिहिलेलं असणार, म्हणून मी चष्मा नीट केला.

लिहिलं होतं : वडील. नग : एक. स्थिती : अधूनमधून चालू.

त्याखाली शेरा होता : साहित्य अत्यंत परिणामकारक. पुढील वर्षीही शाळेस उपलब्ध करून द्यावे.

मी तो मजकूर दोनदा वाचला, दाखला तपासतो तसा शब्दन् शब्द. त्यात कुठेही चूक सापडेना. निकिताने पेन आणून दिलं, आणि मी सही केली.